कॅरियर नेमका कोणासाठी पाठवायचा? एसएसबी आणि एएमचा हिशेब

प्रश्न विचारणाऱ्या मित्राने लिहिलंय की हॅमची (हौशी रेडिओ चालवण्याची) परीक्षा झालीये, लायसन्स यायचंय, तोवर घरातल्या जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओवर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास रोज संध्याकाळी कान लावून बसतो, तर हॅम लोकांचं बोलणं बदक बोलल्यासारखं येतं, एक शब्द धड कळत नाही. पुस्तकात मात्र लिहिलंय की एसएसबी (सिंगल साइडबँड) हे एएमपेक्षा (अॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन) कितीतरी पट चांगलं. मग आकाशवाणी आणि विमानं अजून एएमवरच का आहेत? आणि पहिला सेट स्वतः बनवायचा तर सोपा म्हणून एएमचा बनवू का?

प्रश्न एकदम योग्य वेळी विचारलात, कारण हे नीट डोक्यात बसलं नाही तर पुढे फिल्टर, बीएफओ, लिनियर अ‍ॅम्प्लिफायर हे सगळे शब्द नुसते पाठ केलेले राहतात. मी स्वतः सुरुवात ८०७ व्हॉल्व्हच्या एएम सेटवर केली, नंतर एसएसबीचे सेट बांधले, आणि माझं मत असं झालंय की 'कुठलं चांगलं' हा प्रश्न अर्धवट आहे. खरा प्रश्न हा आहे की कॅरियर, म्हणजे आवाज नसतानाही सतत जाणारी मूळ रेडिओलहर, पाठवायचा खर्च करून तुम्ही कोणाचं काम सोपं करताय. ते एकदा कळलं की आकाशवाणी एएमवर का आणि हॅम एसएसबीवर का, दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं.

आधी एएममध्ये हवेत नेमकं काय जातं ते बघू. समजा तुमचा कॅरियर ७१०० किलोहर्ट्झवर आहे आणि माइकपुढे तुम्ही १ किलोहर्ट्झचा एकच सूर धरलाय. पुस्तकातल्या चित्रात कॅरियरची उंची कमी-जास्त होताना दाखवतात, त्यामुळे बहुतेकांचा समज होतो की कॅरियर स्वतःच आवाजाबरोबर लहानमोठा होतो. तसं नाहीये. अरुंद फिल्टरने एकेक फ्रिक्वेन्सी सुटी करून बघितली तर ७१०० वरचा कॅरियर ढिम्म हलत नाही, तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, तो तेवढाच. नवीन काय आलं, तर ७०९९ वर एक आणि ७१०१ वर एक अशा दोन फ्रिक्वेन्सी. तिघांची बेरीज होते तेव्हा ती बेरीज वरखाली होते, आणि तेच ते चित्रातलं एनव्हलप. म्हणजे तुमचा आवाज त्या दोन बाजूच्या साइडबँडमध्ये आहे, आणि दोन्हींमध्ये तोच आहे, आरशातल्या प्रतिमेसारखा उलटासुलटा. कॅरियरमध्ये तुमच्या आवाजातलं काहीही नाही.

आता पॉवरचा हिशेब करा. कॅरियर १०० वॅट, मॉड्युलेशन पूर्ण १०० टक्के, तर प्रत्येक साइडबँडमध्ये २५ वॅट. एकूण १५० वॅट हवेत गेले, त्यातले १०० निरोपाशिवाय, २५ मध्ये निरोप आणि उरलेल्या २५ मध्ये तोच निरोप पुन्हा. आणि हे सुद्धा सूर सतत आणि पूर्ण जोरात असेल तर, माणूस बोलताना मधे थांबतो, श्वास घेतो, शब्दांचा जोर कमी-जास्त होतो, त्यामुळे प्रत्यक्षात साइडबँडच्या वाट्याला याहून बरंच कमी येतं, कॅरियर मात्र पूर्णवेळ चालू.

यावरून वाटतं की मग कॅरियर पाठवायचाच कशाला. पण तो एक फार मोठं काम करतो, तुमच्या घरातल्या रेडिओचं. त्या रेडिओत डिटेक्टर म्हणून एक साधा डायोड असतो, आपल्याकडच्या जुन्या सेटमध्ये ओए७९ असायचा, पुढे एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर, बास. हा डायोड एनव्हलपच्या मागे मागे जातो आणि आवाज बाहेर काढतो. साइडबँडची फ्रिक्वेन्सी कॅरियरपासून किती लांब आहे त्यावरून आवाजाचा सूर ठरतो, म्हणजे मोजायला एक शून्याचा दगड लागतो, मैलाच्या दगडासारखा. कॅरियर हा तो दगड. एएममध्ये ट्रान्समीटर तो दगड स्वतः वाहून प्रत्येक श्रोत्याच्या घरी पोचवतो.

एसएसबीमध्ये आपण कॅरियर काढून टाकतो, एक साइडबँडही काढून टाकतो, उरलेला एकच पाठवतो. आता तुमच्या रेडिओवर बदक का बोलतं ते बघा. समोरच्याने माइकपुढे एका सुरात शिट्टी वाजवली, १ किलोहर्ट्झची, तर हवेत फक्त ७०९९ ही एक फ्रिक्वेन्सी जाते (खालचा साइडबँड धरला तर). एकच फ्रिक्वेन्सी म्हणजे उंची सपाट, एनव्हलप सपाट, तुमच्या डायोडला त्यात काहीच सापडत नाही, रेडिओ गप्प. तोच माणूस बोलायला लागला की त्याच्या आवाजातले वेगवेगळे सूर एकमेकांशी मिसळतात आणि डायोड त्या सुरांमधला फरक बाहेर काढतो, मूळ सूर नाहीतच. तो जो गुरगुरता, नाकातला, ठेका कळतो पण शब्द कळत नाही असा आवाज येतो तो यामुळे. तुमचा रेडिओ बिघडलेला नाही, अँटेनाही ठीक आहे, फक्त शून्याचा दगड हवेतून आलेला नाही, तो तुम्हाला घरीच ठेवायला लागणार.

आणि हे तुम्ही आज संध्याकाळीच करून बघू शकता, लायसन्सची वाट बघायची गरज नाही, कारण यात ट्रान्समीटर नाहीच. घरात किंवा शेजारी आणखी एक जुना, काटा फिरवायचा शॉर्टवेव्ह रेडिओ मिळतो का बघा. अशा रेडिओंचा आयएफ (आतली ठरावीक मधली फ्रिक्वेन्सी) बहुतेक ४५५ किलोहर्ट्झ असतो आणि आतला लोकल ऑसिलेटर काटा दाखवतो त्याच्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झने वर चालत असतो. म्हणजे दुसऱ्या रेडिओचा काटा ६६४५ वर आणला की त्याच्या पोटात ७१०० किलोहर्ट्झ तयार होतात. हा रेडिओ पहिल्याशेजारी अगदी खेटून ठेवा, त्याचा आवाज बंद करा, पहिल्यावर हॅमचं ते बदक लावून ठेवा आणि दुसऱ्याचा काटा ६६४५ च्या आसपास केसाएवढा केसाएवढा हलवत राहा. एका जागी ते बदक अचानक माणूस होतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पलीकडून कोणीतरी अगदी साधं, पावसाचं विचारत होता आणि ते वाक्य मला अजून आठवतंय, कारण तोवर मी आठवडाभर नुसती गुरगुर ऐकत होतो. तुम्ही जे केलंत ते म्हणजे हरवलेला कॅरियर घरच्या घरी परत दिलात. हॅमच्या रिसीव्हरमध्ये हेच काम करणारा ऑसिलेटर आत बसवलेला असतो, त्याला बीएफओ म्हणतात. फक्त एक लक्षात घ्या, हल्ली मिळणारे डीएसपी चिपचे रेडिओ या प्रयोगाला चालत नाहीत, त्यांची आतली रचना वेगळी असते, खरखरीत जुना सुपरहेट (वर सांगितल्यासारखा आयएफवर चालणारा) रेडिओच पाहिजे.

हा प्रयोग करताना तुम्हाला एसएसबीची दुसरी बाजूही कळेल, ती म्हणजे ट्यूनिंग किती नाजूक आहे. बीएफओ १०० हर्ट्झने चुकला तर काय होतं? माणसाच्या आवाजात मूळ सूर समजा २०० हर्ट्झ, त्याच्या पटीत ४००, ६००, ८०० असे वरचे सूर. चूक झाली की सगळे १०० ने सरकतात, ३००, ५००, ७००, ९०० होतात, आणि ते आता एकमेकांच्या पटीत राहत नाहीत. टेप जोरात फिरवली तर सगळे सूर एकाच पटीत वाढतात, आवाज बारीक होतो पण आवाजच राहतो. इथे पटच मोडते, म्हणून तो आवाज विचित्र, धातूचा वाटतो. माझ्या कानाला ५० हर्ट्झच्या आत असेल तर माणूस ओळखू येतो, १०० ला शब्द कळतात पण कोण बोलतंय ते सांगता येत नाही, आणि दोन-तीनशेला पुन्हा बदक. त्यामुळे एसएसबीवर गाणं पाठवायचा विचार सोडून द्या, बोलण्याला जे चालतं ते संगीताला चालत नाही.

आता तुमच्या पुस्तकातलं 'कितीतरी पट'. इथे मला जरा सावध बोलावं लागेल, कारण आकडा कुठल्या तुलनेवर आहे ते न सांगता लोक तो देतात. कोणी सहापट म्हणतं, कोणी आठपट, कोणी सोळापट. मी जी तुलना योग्य मानतो ती अशी की तुमच्याकडे एकच फायनल (अँटेनाला पॉवर देणारा शेवटचा) ट्रान्झिस्टर आहे आणि तो शिखरावर १०० वॅटच देऊ शकतो. एएममध्ये शिखरावर व्होल्टेज दुप्पट होतं म्हणजे पॉवर चौपट, म्हणून कॅरियर २५ वॅटवरच ठेवावा लागतो, आणि मग प्रत्येक साइडबँड ६.२५ वॅट. रिसीव्हरमध्ये दोन्ही साइडबँड एकमेकांत नीट बसून जोडले जातात, व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ते २५ वॅटच्या एका साइडबँडएवढं काम करतात, हे एएमच्या बाजूने धरलं पाहिजे, बरेचजण हे विसरतात. पण एएमसाठी रिसीव्हर ६ किलोहर्ट्झ उघडा ठेवावा लागतो आणि एसएसबीला ३ पुरतात, म्हणजे एएममध्ये खरखर दुप्पट आत येते, तर ते २५ पुन्हा १२.५ च्या बरोबरीला आले. एसएसबीत तोच ट्रान्झिस्टर पूर्ण १०० वॅट एकाच साइडबँडमध्ये देतो. १०० भागिले १२.५, आठपट, ९ डेसिबल. रिसीव्हरच्या मीटरवर साधारण दीड एस-युनिट (सिग्नलच्या जोराचं माप, एक युनिट म्हणजे ६ डेसिबल).

मात्र तुलना दोघांच्या फक्त साइडबँडमधल्या पॉवरची केली, कॅरियर हिशेबातच धरला नाही, तर फरक जवळजवळ शून्य निघतो, हेही तितकंच खरं आहे. आणि फायनलची मर्यादा शिखराची नसून उष्णतेची असेल, किंवा तुमची अडचण बॅटरी असेल, तर आकडे परत बदलतात. म्हणून 'आठपट' हा आकडा तुमच्यासारख्या हॅमच्या परिस्थितीत खरा, तो सगळीकडे तसाच लागू करू नका.

दीड एस-युनिट म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पण रात्री ४० मीटरवर (म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर), पावसाळ्याच्या आधीच्या त्या कडकडाटात जो सिग्नल जेमतेम वर आलेला असतो, त्याला ९ डेसिबल म्हणजे 'कळलं नाही, परत सांगा' आणि 'कळलं' यातला फरक असतो. शिवाय माझ्या अनुभवात लांबच्या संपर्कात एसएसबीचा सगळ्यात मोठा फायदा डेसिबलमध्ये मोजताच येत नाही, तो फेडिंगमध्ये, म्हणजे सिग्नल मधेमधे विरतो तेव्हा आहे.

ते असं. ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल आयनोस्फिअरवरून एकापेक्षा जास्त वाटांनी तुमच्याकडे येतो, एक वाट दोन उड्यांची, एक तीन उड्यांची. समजा दोन वाटांत ३०० किलोमीटरचा फरक पडला, म्हणजे एक मिलिसेकंदाचा उशीर. मग तुमच्या अँटेनावर दर १ किलोहर्ट्झला एक अशी जागा येते जिथे दोन वाटांचे सिग्नल एकमेकांना पुसतात. या पुसलेल्या जागा स्थिर नसतात, आयनोस्फिअर हलतं तशा त्या बँडवरून सरकत जातात. एएम सिग्नल ६ किलोहर्ट्झ रुंद, त्यामुळे त्यात अशा पाच-सहा जागा एका वेळी असू शकतात, आणि त्यातली एक नेमकी कॅरियरवरून गेली की गडबड होते. कॅरियर गेला, साइडबँड राहिले, डायोडला वाटतं मॉड्युलेशन १०० टक्क्यांच्या कितीतरी वर गेलंय, आणि आवाज फाटतो. लांबचं शॉर्टवेव्ह स्टेशन रात्री ऐकताना मधेच सिग्नल जोरात असूनही आवाज चिरफाळून गेल्याचं तुम्ही ऐकलं असणार, ते हेच. एसएसबीत कॅरियर तुमच्या रिसीव्हरच्या पोटात आहे, त्याला कसलं फेडिंग. पुसलेली जागा आवाजावरून गेली तर आवाज थोडा पोकळ होतो, शब्द राहतात.

आणखी एक, शिट्ट्या. दोन एएम स्टेशनं १ किलोहर्ट्झच्या अंतरावर आली की त्यांचे कॅरियर एकमेकांशी भांडून अखंड शिट्टी देतात, बोलणारे दोघंही गप्प असले तरी. आपल्याकडे ४० मीटर बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, फक्त २०० किलोहर्ट्झ, त्यात सकाळी किती लोक असतात ते तुम्ही ऐकताच आहात. सगळे एएमवर असते तर तिथे शिट्ट्यांशिवाय काही ऐकू आलं नसतं.

मग आकाशवाणी एएमवर का? आता तो शून्याचा दगड आठवा. पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झवर ट्रान्समीटर एक, आणि ऐकणारे घराघरांत, शेतावर, टपरीवर. कॅरियरची वीज एकाच ठिकाणी खर्च होते आणि त्या बदल्यात प्रत्येक श्रोत्याचा रेडिओ एका डायोडवर भागतो, आजीबाईंनी चकती अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे फिरवली तरी बातम्या स्पष्टच येतात. तोच कार्यक्रम एसएसबीत दिला तर ट्रान्समीटरचं वीजबिल वाचेल, पण प्रत्येक रेडिओत बीएफओ, पक्का ऑसिलेटर, आणि श्रोत्याच्या बोटात हॅमचा सराव पाहिजे. हा सौदा कधीच जमला नाही. १९८७ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवलं गेलं होतं की शॉर्टवेव्हवरचं साधं एएम प्रसारण २०१५ अखेरीस बंद करून एसएसबीवर न्यायचं, रिसीव्हरला दगड मिळावा म्हणून कॅरियर थोडा कमी करून सोबत ठेवायचा, अशी तडजोडही होती. झालं नाही. लोकांच्या घरातले रेडिओ बदलले नाहीत, आणि ते न बदलता ट्रान्समीटर बदलून उपयोग नव्हता.

हॅमचं गणित उलटं आहे. इकडे एक बोलणारा, तिकडे एक ऐकणारा, आणि पुढच्या मिनिटाला भूमिका बदलतात. दोघांनीही चांगला सेट घेतलेला आहे किंवा बांधलेला आहे, दोघांनाही क्लॅरिफायर (बारीक ट्यूनिंगची घुंडी) फिरवता येतो. अशा वेळी दगड वाहून नेण्यात पॉवर घालवणं मला पटत नाही.

विमानांचं उत्तर जरा वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं. विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफवर एएम वापरतात. एसएसबी तिथे का नाही ते बघायला एक हिशेब करा, ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर, १२० मेगाहर्ट्झवर या वेगाने डॉप्लरमुळे फ्रिक्वेन्सी साधारण १०० हर्ट्झने सरकते. आत्ताच बघितलं की १०० हर्ट्झला माणूस ओळखू येत नाही, आणि समोरून येणारं विमान आणि लांब जाणारं विमान यांच्यात तर २०० चा फरक, वर दोन्हीकडच्या ऑसिलेटरची चूक वेगळी. वैमानिकाने क्लॅरिफायर फिरवत बसायचं का? एएममध्ये कॅरियरही तितकाच सरकतो, साइडबँडचं अंतर जसंच्या तसं, आवाजाला काही होत नाही. आणि दोन विमानं एकाच वेळी बोलली तर शिट्टी ऐकू येते, कंट्रोलरला कळतं की दोघं एकमेकांवर बोलले, एफएममध्ये कमजोर असलेला माणूस न कळताच दाबला जाऊ शकतो. पण तेच विमान मुंबई सोडून अरबी समुद्रावर व्हीएचएफच्या टप्प्याबाहेर गेलं की एचएफवर येतं, आणि तिथे बोलणं एसएसबीतच, वरच्या साइडबँडवर. १० मेगाहर्ट्झला डॉप्लर जेमतेम ८ हर्ट्झ, काही फरक पडत नाही, आणि अंतर हजारो किलोमीटरचं, म्हणून तिथे डेसिबलला किंमत. एकाच कॉकपिटमध्ये दोन्ही पद्धती आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

कोणाला वाटत असेल की एसएसबी ही नंतर सुचलेली सुधारणा आहे, तर तसंही नाही. अमेरिकेत जॉन कार्सनने १९१५ मध्येच याचा पेटंट अर्ज केला होता. ७ जानेवारी १९२७ ला न्यूयॉर्क-लंडन रेडिओ टेलिफोन सुरू झाला तो एसएसबीवर, ६० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं ते एएमवर. अटलांटिकच्या दोन्ही टोकांना टेलिफोन कंपनीचे इंजिनिअर बसलेले, मुंबईत ऐकणारे घरी बसलेले. माहिती दोन्हीकडे होती, गरज वेगळी होती.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर एएममध्ये ट्रान्समीटर राबतो आणि रिसीव्हर सोपा राहतो, एसएसबीत दोन्ही टोकांना मेहनत आणि त्या बदल्यात पॉवर, जागा आणि फेडिंगमध्ये टिकाव.

आता तुमचा खरा प्रश्न, पहिला सेट कुठला. सोपा म्हणून एएम, हे ऐकायला बरोबर वाटतं पण माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या ८०७ च्या सेटला साधारण ५० वॅट डीसी इनपुट होता, आणि प्लेट मॉड्युलेशनचा (फायनल व्हॉल्व्हच्या वीजपुरवठ्यावरच आवाज चढवण्याचा) नियम असा की त्याच्या निम्मी, म्हणजे २५ वॅट ऑडिओ पॉवर मॉड्युलेटरने द्यायची. म्हणजे एका ट्रान्समीटरसाठी लग्नाच्या मांडवात चालेल असा एक ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा एक जड मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर, जो मी स्वतः गुंडाळला, दोनदा जळाला. फायनल मात्र क्लास सी, ट्यून करायला सोपी आणि भरपूर एफिशिअन्सी. एसएसबीत हे उलटं होतं, अवघड काम सगळं मिलीवॅटमध्ये, छोट्या बोर्डावर होतं, आणि पुढे फक्त सिग्नलचा आकार न बिघडवता तो मोठा करणारा लिनियर अ‍ॅम्प्लिफायर लागतो. चूक झाली तर पाच-दहा रुपयांचा ट्रान्झिस्टर जातो, ट्रान्सफॉर्मर नाही.

शिवाय आज एसएसबी घरी बांधणं आपल्याकडे जितकं सोपं आहे तितकं पूर्वी कधीच नव्हतं, आणि त्याचं मोठं श्रेय हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स या डिझाइनला जातं. त्यांनी मुद्दाम कुठल्याही गल्लीत मिळतील असे पार्ट धरले, फिल्टरसाठी महागडं तयार फिल्टर न घेता कॉम्प्युटरच्या बोर्डावर असतात तशी साधी १० मेगाहर्ट्झची क्रिस्टलं शिडीसारखी जोडली, आणि तेच फिल्टर रिसीव्ह आणि ट्रान्समिट दोन्हीला वापरलं. मी सल्ला देईन की आधी नुसता डायरेक्ट कन्व्हर्जन (आयएफशिवाय थेट आवाज काढणारा) रिसीव्हर बांधा, तो एसएसबी ऐकवतो आणि एका रविवारात होतो, मग बिटएक्सच्या वाटेने जा.

तिथे तीन ठिकाणी लोक अडकतात. क्रिस्टलं एकाच लॉटची वीस घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, एकाच ऑसिलेटरमध्ये एकेक लावून फ्रिक्वेन्सी काउंटरवर मोजा आणि एकमेकांच्या शंभर हर्ट्झच्या आत येणारी वेगळी काढा, फिल्टरला तीच वापरा. हे केलं नाही तर फिल्टरचा माथा वाकडातिकडा होतो आणि तुमचा आवाज डब्यातून आल्यासारखा. बॅलन्स्ड मॉड्युलेटरमध्ये (आवाजातून साइडबँड बनवणाऱ्या भागात) कॅरियर दाबायला एक प्रीसेट आणि एक ट्रिमर असतो, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे, एक संपवून दुसरा असं केलं तर कधीच बसत नाही. कॅरियर ऑसिलेटर फिल्टरच्या उतारावर ठेवायचा, माथ्यापासून साधारण २० डेसिबल खाली, फार जवळ आणला तर कॅरियर आणि दुसरा साइडबँड गळतो, फार लांब नेला तर आवाजातला खर्ज जातो आणि समोरचा म्हणतो आवाज फार पातळ आहे.

आणि लिनियरला लिनियरच राहू द्या. माइक गेन पूर्ण उघडून ओरडलं की मीटर छान हलतो पण शिखरं कापली जातात, आणि तुमचा ३ किलोहर्ट्झचा सिग्नल दहा किलोहर्ट्झ पसरतो. माझ्याकडे नवीन माणूस आला की मी त्याला आधी मीटर झाकून ठेवायला सांगतो आणि दुसऱ्या हॅमकडून दोन्ही बाजूला ३-४ किलोहर्ट्झवर काय ऐकू येतं ते विचारायला लावतो.

पुढेमागे तयार कारखान्याचा १०० वॅटचा एसएसबी सेट घेतलात आणि गंमत म्हणून एएमचं बटण दाबलंत तर कॅरियर २५ वॅटच्या वर नेऊ नका. वरचा शिखराचा हिशेब तुम्ही बघितलाच आहे. मी हे न समजता एकदा ८० वॅटवर दहा मिनिटं बोललो होतो आणि फायनलची जोडी गमावली. एसएसबीत तेवढ्याच बोलण्यात सरासरी पॉवर शिखराच्या कितीतरी खाली असते, सेटला श्वास घ्यायला जागा मिळते, बॅटरीलाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरमध्ये हॅम मोहिमेसाठी गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या चमूने २० मीटरवरून (१४ मेगाहर्ट्झच्या बँडवरून) एसएसबीत मुख्य भूमीशी बोलणं चालू ठेवलं होतं. अशा ठिकाणी वीज मोजून वापरायची असते, तिथे गप्प असतानाही वीज पिणारा कॅरियर परवडत नाही.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं पण आज रात्रीच लागेल असं. १० मेगाहर्ट्झच्या खाली हॅम बोलणं खालच्या साइडबँडवर करतात, वर वरच्या, म्हणून ४० मीटरला एलएसबी आणि २० मीटरला यूएसबी. दोन रेडिओंच्या प्रयोगात काटा एका दिशेने नेताना आवाज चिरक्यावरून नैसर्गिक होतो आणि दुसऱ्या दिशेने आणलात तर शब्द कधीच बनत नाहीत, नुसतं चिवचिवाट होतो, कारण तेव्हा तुमचा दगड साइडबँडच्या चुकीच्या टोकाला पडलेला असतो. ४० मीटरवर दगड आवाजाच्या वरच्या टोकाला पाहिजे, तर वरून खाली हळूहळू येत जा. इंटरनेटवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (ब्राउझरमधून ऐकायचा रिसीव्हर) आहे, तिथेही एएम, एलएसबी, यूएसबी अशी बटणं बदलून हे ऐकता येतं, पण आधी दोन रेडिओ खेटून ठेवून बघा आणि कुठल्या आकड्यावर माणूस बोलायला लागला ते इथे लिहा, दुसऱ्या रेडिओचा आयएफ खरंच ४५५ आहे का तेही त्यावरून लगेच कळेल.